नाशिक ते नेवाळी, पाच मिनिटांत

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून जायचो. ठाण्याच्या कोर्टात कारकुनी केलेला माणूस मी... कोण काय म्हणतो यापेक्षा पुरावा काय, हे आधी बघायची सवय. तरीही हे लिहितोय. साल बावन्न-त्रेपन्न असेल.

आम्ही कल्याणला राहायचो. वडील, म्हणजे आमचे नाना, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले आणि हट्टी. त्यांनी खटपट करून मिळवून दिलेली सरकारी नोकरी सोडून धाकटा भाऊ मधू नाशिकला एका लहानशा विमान कंपनीत मेकॅनिक झाला. तेव्हापासून तीन वर्षं बापलेकांत अबोला. आता नाना अंथरुणाला खिळलेले. त्या सकाळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आजचा दिवस निघणं कठीण आहे. मी मधूला तार केली. उलट तार आली — दुपारी विमानाने येतो.

नेवाळीला लढाईच्या वेळची धावपट्टी होती. टांगा घेऊन मी तिथल्या शेडमध्ये जाऊन बसलो. नाशिकहून विमान सुटलं की तिथला माणूस फोन करायचा. मग इथला राखणदार बाळाराम पट्टीवर चरणाऱ्या म्हशी हाकलायला निघायचा. विमानाला चाळीस मिनिटं लागतात आणि म्हशींना अर्धा तास, हे त्याचं रोजचं गणित.

तीन दहाला फोन वाजला. मीच उचलला. आत्ताच सुटलं, असं पलीकडचा म्हणाला. त्याच्यामागे इंजिनाची घरघर मी स्वतः ऐकली. बाळारामने निवांत तंबाखू मळायला घेतली.

"बसा दादा, मोप येल हाय आजून."

ती तंबाखू तोंडात जायच्या आत डोक्यावर आवाज आला! बाळाराम काठी घेऊन धावला, त्याच्यामागे धोतर सावरत मी. विमान कसंबसं पट्टीच्या मोकळ्या टोकाला उतरलं. पायलट खाली उतरला तोच संतापून — चाळीस मिनिटांत चार म्हशी हलवता येत नाहीत तुम्हाला? माझ्या आणि शेडमधल्या घड्याळात सव्वातीन. मधूच्या आणि पायलटच्या घड्याळात चारला दहा कमी.

घड्याळं चुकली असतील म्हणाल... पुढे मी मुद्दाम नाशिकला जाऊन रजिस्टर पाहिलं. सुटण्याची वेळ तीन दहाच होती.

तेव्हा मात्र वाद घालायला सवड नव्हती. टांगा पिटाळत चार वाजून पाच मिनिटांनी घरी पोचलो. नाना शुद्धीवर होते. मधू उंबऱ्यातच थबकला. नानांनी विचारलं,

"किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं, नाना."

"बरोबर. नकाशावर दोरा लावून मीही तेवढाच काढलाय."

तीन वर्षं ज्याचं नाव घरात काढू दिलं नाही, त्याच्या येण्याची वाट हा माणूस गुपचूप मोजत बसला होता. मला रडू आवरेना. मधू जवळ जाऊन बसला. नानांनी त्याचा हात सोडला नाही. चार चाळीसला ते गेले.

विमान नेहमीच्या वेळेला आलं असतं, तर आम्ही दारात पोचलो असतो तेच मुळी चार चाळीसला. मधली पस्तीस मिनिटं कुठून आली, हे मी पायलटांना विचारलं, विज्ञानाच्या प्राध्यापकांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही, आणि मलाही आजवर कळलेलं नाही. मधूकडे विषय काढला की तो एवढंच म्हणतो, "दादा, मला ती मिळाली रे."