न संपणारी चाल

१९८८ साली दम्मामहून सुट्टीवर आलेल्या नझीरभाईंनी धाकट्या भावासाठी, ओवेससाठी, टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आणला. त्याचे काय करायचे, हे पनवेलच्या त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. ओवेसने पुस्तिका चाळत त्या कॉम्प्युटरमधून सूर काढले. प्रत्येक सुराला एक आकडा, आणि एका वेळी फार तर तीन सूर. बी.कॉम. होईपर्यंत त्याच्या वह्या अशा आकड्यांनी भरल्या.

१९९६ मध्ये अंधेरीच्या एका कंपनीने त्याला संगीत करण्यासाठी महिनाभर पारखायला घेतले. तिथे परदेशी स्टुडिओंसाठी व्हिडिओ गेम बनत. गेम तपासणारी सुनिता दिवसभर एकच लेव्हल खेळत बसे. तिने जी चाल बंद केली, ती बाद झाली असे समजावे. ओवेसच्या दोन चाली तिने जेवणाआधीच बंद केल्या होत्या.

"वाईट नाहीत रे," ती म्हणाली, "पण दर दीड मिनिटाला तुझं गाणं संपतं आणि माझा राक्षस अजून जिवंतच. परत पहिल्यापासून सुरू झालं की वाटतं, आपण काही केलंच नाही."

चूक त्याला कळली, उपाय सुचेना. गाणे सुरेख संपवावे, एवढेच तो शिकला होता. आता एकच आठवडा उरला होता.

रविवारी पनवेलजवळच्या आपटा गावी मावसबहिणीची हळद होती. दोन बाजूंना बसून बायका गात होत्या. हळद लांबली, तरी गाणे कुठे तुटेना. एका बाजूचा शेवटचा शब्द हवेत असतानाच दुसरी बाजू ओळ उचलत होती.

"खाला, हे गाणं संपतं कधी?" त्याने नवरीच्या आईला विचारले.

"हलद संपली का संपतं. आमी नाय संपवत," दिलशादखाला म्हणाली. "आनि तू बोटांवर काय मोजतोस? नवरीचा भाऊ ना? ऊठ, पानी आन."

सोमवारपासून त्याने चालीचे दोन भाग केले आणि पहिला विरण्याआधीच दुसरा, दुसरा विरण्याआधीच पुन्हा पहिला सुरू केला. सांधा दोनदा उघडा पडला, तिसऱ्यांदा झाकला गेला.

शुक्रवारी सुनिताने डबादेखील पडद्यासमोरच खाल्ला. चार वाजता ओवेसने धीर करून विचारले, "चाल कशी वाटली?"

"कुठली?" तिने मान वर केली. "अरे, ती बंद करायची राहिलीच की."

संध्याकाळी त्याला कायम केले. तीन वर्षांनी लंडनच्या एका मोठ्या स्टुडिओने बोलावून घेतले. तिथे कुणी चालीची तारीफ केली, की तो थोडा अस्वस्थ होई आणि हळूच विचारी, "किती वेळ खेळलात?"