तेर्नातेचं तिकीट

सुराबायातल्या आमच्या कंपनीत त्रिस्नोची तिकिटं मी काढायचे. तो इस्पितळांतली एक्स-रे यंत्रं दुरुस्त करायचा. मकास्सर, कुपांग, तेर्नाते, सगळी दूरदूरच्या बेटांवरची गावं. महिन्यातले वीस दिवस बाहेर. आम्ही बाकीचे टेबलांना चिकटलेले.

"ऐश आहे बुवा तुझी!" सगळे म्हणायचे. "रोज नवं हॉटेल, आयता नाश्ता!"

"या की माझ्या जागी," तो हसायचा. "घरी गेलो की मांजरसुद्धा फिसकारतं माझ्यावर."

तेर्नातेच्या खेपेआधी तो माझ्या टेबलाशी आला. "ताई, एक दिवस पुढे ढकलता येईल? आईला बरं नाहीये."

"इस्पितळवाले सकाळपासून बोंबलतायत रे. जाऊन ये पटकन."

तो गेला. विमानात फोन बंद असताना आई गेली. दुपारी दफन झालं. दुसऱ्या दिवशी तो परत घरी पोचला तेव्हा कबरीवरची फुलं सुकून गेली होती.

"माझ्यासाठी थांबला नाहीत?" त्याने बायकोला विचारलं.

"मय्यत अशी ठेवून देतात का हो? त्याच दिवशी माती द्यावी लागते," वुलान रडत म्हणाली.

मला त्याने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आईसाठीचे सात दिवसांचे कुराणपाठ उरकून तो पुन्हा फिरतीवर गेला. चार महिन्यांनी मात्र साहेबांशी भांडून त्याने वर्कशॉपमधली जागा मागून घेतली. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. वर्षभर तो कुठे गेला नाही. मग एक दिवस समोर येऊन बसला.

"ताई, तेर्नातेचं काम निघालं तर मला दे."

"का रे? कंटाळलास घराला?"

त्याने खुर्ची जवळ ओढली. "आई गेल्यापासून हॉटेलात पहाटे, फजरच्या नमाजाच्या वेळी दारावर थाप पडायची. दोनदा, जरा थांबून तिसरी. ती मला तशीच उठवायची. दार उघडलं की कुणी नाही. घाबरून फिरती सोडली. पण घरी ती एकदाही आली नाही, ताई."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"बारा वर्षं फोनवर तिचा पहिला प्रश्न एकच, 'कुठे आहेस रे?' ती अजून हॉटेलांतून शोधतेय मला. मी घरी आहे हे तिला कुणी सांगितलंच नाही."

मी तिकीट काढलं.

तेर्नातेत पहिल्याच पहाटे थाप पडली. त्याने दार उघडलं नाही. पलंगावरूनच म्हणाला, "आई, मी आता घरीच असतो. तू घरी ये."

तो परत आल्यावर, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी विचारलं, "मग? आली का घरी?"

"काय माहीत," तो म्हणाला. डोळे तांबारलेले होते. "घरी रोज पहाटे थाप पडायच्या वेळेआधीच मी उठून बसलेला असतो."