दारावरच्या घंट्या

भाजी घ्यायला बेसाच्या बाजारात गेले होते. एका बंगल्याच्या फाटकावर पाटी होती, 'दारावरच्या घंट्यांचं संग्रहालय'. म्हटलं, हा काय चावटपणा! पण घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं, म्हणून शिरले आत.

बंगल्याच्या मालकांनी लोकांनी काढून टाकलेल्या बेल गोळा करून खोलीभर भिंतींवर लावल्या होत्या. "दाबून पाहा ना, ताई," ते म्हणाले. आरत्या, मंत्र, टिंगटाँग ऐकून माझं डोकं उठलं. मग एक दाबली आणि चिमण्या चिवचिवल्या. धरमपेठेतल्या आमच्या जुन्या घरी हीच बेल होती. रोज दुपारी शेजारीण ती वाजवायची आणि मी ओट्यापासूनच ओरडायचे.

"आली वं, आली!" तोंडातून निघूनच गेलं.

मालक हसले. "आपल्या घरची सापडली का, जो तो असाच ओरडते."

मनीषनगरला माझ्या फ्लॅटवर परतले. एकटीच राहते, किल्ली हातातच होती. तरी कुलूप काढण्याआधी मी माझी बेल दाबली. वाजली नाही. पुन्हा जोरात दाबली.

कधीपासून बंद होती, कोण जाणे.