फौजींचा पाईप आणि हरिपूरचं हळदीचं गोदाम

माझ्या भावाची लेक श्वेता फोनवर म्हणाली, "आत्या, मामांना घेऊन सांगलीला ये. त्यांचा पाईप घेऊन." आणि मी ह्यांना न विचारताच हो म्हणून मोकळी झाले.

श्वेता 'आठवडी बाजार' नावाच्या ग्रुपमध्ये गाते. त्यांची गाणी तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असतील. आता त्यांचा पहिला अल्बम यायचा होता. नाव 'भेसळ'. धनगरांचे गजी ढोल, गिटार, जात्यावरची ओवी आणि ते भराभरा बोलत गातात ते, सगळं एकाच पातेल्यात. एका गाण्यात त्यांना फौजेतला बॅगपाईप हवा होता, आणि आमचे हे चोवीस वर्षं फौजेच्या बँडमध्ये तोच वाजवत होते.

नाव ऐकून आमचे फौजी फुगले. "भेसळीत माझा पाईप न्हाई मिसळणार!" तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी बघते तर माळ्यावरची ट्रंक खाली.

तुम्हाला खरं सांगते, चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तो पाईप वाजताना एकदाही ऐकला नव्हता. हे लांबलांबच्या छावण्यांत वाजवायचे, मी फलटणला म्हशी आणि पोरं सांभाळायची. निवृत्त झाल्यावर लग्नाच्या बँडवाले विचारायला आले, त्यांना ह्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. मग पाईप ट्रंकेत गेला तो गेलाच. आता मेरठहून पाईपची नवी पिशवी आणि सूर काढणाऱ्या वेताच्या पत्त्या मागवल्या. महिनाभर कालव्याकडं जाऊन सराव केला. मला मात्र तिकडं यायची बंदी. "तयार झाल्यावर ऐक," म्हणे.

सकाळी सातच्या एसटीनं निघालो. दोघांनाही अर्धं तिकीट, ह्यांना वयाचं, मला बाईमाणसाचं. आदर्कीचा घाट उतरून साताऱ्याला पोचलो, स्टँडवर पावशेर कंदी पेढे घेतले आणि सांगलीची गाडी धरली. कंडक्टर ह्यांच्या पेटीकडं बघून म्हणाला, "आजोबा, बंदूक हाय व्हय पेटीत?"

"बंदुकीपेक्षा आवाज मोठा हाय," हे म्हणाले.

पेठ नाक्याला गाडी डावीकडं वळली की पुढं रस्त्याचं काम चालू आहे. तुम्ही जाणार असाल तर मागच्या सीटवर बसू नका, कंबर हातात येते. आष्ट्याला गाडी पंधरा मिनिटं थांबली, तिथली गरम कांदाभजी सोडू नका. सांगलीत स्टँडजवळच्या लॉजवर खोली आठशे रुपयांत मिळाली. स्वच्छ होती, पण गरम पाणी सकाळी आठपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं हरिपूरला गेलो. रस्त्याला दोन्ही अंगांनी चिंचा, आणि शेवटाला कृष्णा-वारणेचा संगम. पोरांनी तिथं हळदीचं रिकामं गोदाम मिळवलं होतं. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून बारदानं लावलेली, आणि वास असा की नाकातसुद्धा हळद लागावी. मालकाची अट एकच: तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या पोत्यांचे ट्रक येणार, त्याआधी सगळं हलवायचं. म्हणजे पाईप जमला तर याच दीड दिवसात. नाही जमला तर तेवढा सूर यंत्रावर काढायचा, असं श्वेता मला बाजूला घेऊन म्हणाली.

रेकॉर्डिंग करणाऱ्या संकेतनं ह्यांना खुर्चीवर बसवून पुढं माईक ठेवला. बसल्या बसल्या पिशवी काखेत धरेना, आणि पाईप कोंबडी दाबल्यासारखा ओरडला. उभं राहून वाजवायला लावलं तर दोन फुंका मारल्या आणि हे निघाले की चालायला! माईक मागं राहिला. थेट भिंतीपर्यंत गेले, तिथं पाय आपटून 'पीछे मुड' केलं, आणि परत फिरले ते जतकडून आलेल्या ढोलवाल्यांच्या मधोमध. ते बिचारे गोल फिरत वाजवत होते.

त्यांचा म्होरक्या बिरूआण्णा ढोल सावरत म्हणाला, "आवं फौजी, असं बाणागत कुठं चाललाय? बॉर्डर तिकडं न्हाई!"

सगळे हसले, हे सोडून. चार वेळा तेच झालं. पाचव्यांदा ह्यांनी पाईप पेटीत ठेवला. "यंत्रावरच वाजवा. मला जमायचं न्हाई." रात्री जेवताना भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीआधी संगमावरच्या देवळात गेलो. घाटावर बिरूआण्णा आंघोळ करून बसले होते. त्यांनी विचारलं, "फौजी, तुमी चालता का हो?"

"चालतच शिकलो. पाय थांबलं की श्वास थांबतो."

"मग आमचंबी तेच हाय की. फिरल्याबिगर ढोल बोलत न्हाई. पर आमाला गोल लागतंय, तुमाला सरळ. कसं करायचं?"

मला राहवलं नाही. मी ह्यांना म्हटलं, "आवं, आत्ताच देवाला पाच फेऱ्या घातल्या की तुमी. तवा कुठं भिंतीला धडकलात?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं, आणि मांडीवर थाप मारली. "वैनी, लय झ्याक!"

गोदामात परतलो तेव्हा दहा वाजत आले होते. मधोमध एक पोतं उभं करून त्यावर माईक ठेवला. आण्णांनी चिमूटभर भंडारा उधळला, तसा संकेत किंचाळला, "आण्णा, मशीन हाय ते!"

"आता देव हाय," आण्णा म्हणाले.

ढोलवाले बाहेरून आणि हे आतून, त्या पोत्याला फेऱ्या घालू लागले. पहिल्यांदा पाईपच्या खांद्यावरच्या तीन नळ्यांचा घुमारा उठला, गुऱ्हाळाचा चरक लांबून ऐकू यावा तसा. मग वर सूर चढला. ढोल पडला तशी पायाखालची फरशी थरथरली. ह्यांचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले, पाय मात्र घड्याळासारखे. दुसऱ्या फेरीला ढोलानं चाल मोडून झुलवा घेतला आणि फौजींचे खांदेसुद्धा झुलले! चोवीस वर्षांच्या कवायतीत ते कधी झुलले नसतील. मी पदर तोंडात धरून उभी होते. आवाज झाला असता तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं.

एकदाच वाजवलं, तेवढ्यात झालं. संकेतनं अंगठा वर केला. श्वेतानं पळत येऊन मामांच्या पायावर डोकं ठेवलं. ट्रक आले तेव्हा आम्ही सगळे उकिडवे बसून भडंग खात होतो. आण्णा ह्यांना म्हणाले, "आता जतला या गड्या, आमच्या जत्रंला." फौजी म्हणाले, "येतो. पर भेसळ करूनच वाजवायचं."

अल्बम आता सगळीकडं ऐकायला मिळतो. पाईपचं गाणं पाचवं. हेडफोनपेक्षा मोठ्या स्पीकरवर ऐका.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी मेथी निवडत होते. म्हटलं, "ते फौजेतले सूर वाजवा, मी ऐकलेच न्हाईत ते." ह्यांनी पाईप काढला आणि अंगणात चालत एकेक सूर वाजवला. प्रत्येकाआधी तो जिथं वाजवला त्या छावणीच्या गावाचं नाव सांगायचे. एका सुराआधी पाईप खाली घेतला.

"हा आपला थोरला जन्मला त्या दिवशीचा. सकाळी परेडला हाच वाजवत होतो. तार दुपारी आली."

थोरला आता बेचाळीस वर्षांचा आहे. त्या सकाळी मी इथं होते आणि हे तिथं काय करत होते, ते मला आत्ता कळलं. मेथी तशीच राहिली. मी म्हटलं, "परत एकदा वाजवा."