पाण्याचा टीव्ही लावणारा

कामाला हात घालण्याआधी तो खिशातून पिवळं फडकं काढायचा, कोपरापर्यंत हात पुसायचा, समोरच्या यंत्रावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "झालं समजा." पाना-पक्कड अजून पिशवीतच असायची.

तुमच्या बाजारातही असा एकजण नक्की असेल. आमचा अड्याळला होता. दुकान छोटं, पाटी मोठी. पंपाच्या मोटारी, मोबाईल, कॅमेरे, पंखे, सगळं दुरुस्त करून मिळेल असं त्या पाटीवर लिहिलेलं. पण मुख्य धंदा डिश लावण्याचा. पंचक्रोशीतल्या निम्म्या छपरांना त्याचे हात लागलेले. जिथे हात लागला तिथे तो आपल्या दुकानाचं स्टिकर चिकटवायचा. पाण्याच्या टाकीवर, मीटरवर, एकदा तर एका आजारी माणसाच्या खाटेशेजारच्या टेबलफॅनवर.

कुणाबद्दल वाईट लिहायला मला जमत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि चार अक्षरं शिकलो म्हणून कुणाला नावं ठेवू नये, असं बाबा सांगतात. पण या माणसाबद्दल चांगलं लिहायला बसलो तर मला खोटं लिहावं लागेल.

आमच्या शेजारच्या मावशीकडे त्याने डिश लावली तेव्हा चित्र एका चॅनेलचं आणि आवाज दुसऱ्याच चॅनेलचा यायला लागला. मालिकेतली सून रडायची आणि मागून सोयाबीनवरच्या फवारणीची माहिती ऐकू यायची. मावशीने त्याला बोलावलं. त्याने टीव्हीवर तळहात ठेवला, थोडा विचार केला आणि सांगितलं की पॅकेजच तसं आहे. मावशी बरेच दिवस तसंच पाहत राहिली. लोक त्याचं ऐकायचे, कारण तो "सिग्नल", "सिस्टीम", "कंपनी" हे शब्द असे उच्चारायचा की ऐकणाऱ्याला आपण अडाणी असल्याची लाज वाटावी. मला त्याची पहिली चीड आली ती इथे. त्याला काही येत नाही, याचं मला एवढं वाटत नव्हतं. न येणं झाकायला तो समोरच्याला लहान करायचा.

आता आमच्या बोटीकडे येतो. आम्ही ढिवर, पिढीजात मासे धरणारे. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि आम्ही वरच्या पुनर्वसनाच्या वस्तीत आलो. बाबा त्याच पाण्यावर मासेमारी करतात. तिथली मोठी अडचण म्हणजे पाण्याखाली गाव उभंच आहे. भिंती आहेत, विहिरींची तोंडं आहेत आणि जुनी आमराई अजून तळाशी वठून उभी आहे. जाळं त्यात अडकलं की संपलं. म्हणून बाबा जाळं टाकण्याआधी दोरीला दगड बांधून तळ चाचपडून पाहायचे.

त्या उन्हाळ्यात आईने नवं जाळं तयार केलं होतं. जाळ्याचं कापड विकत आणलेलं, पण दोरी ओवणं, वर तरंगणारे फुगे आणि खाली शिशाचे मणी बांधणं, हे सगळं तिने अंगणात बसून केलं. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला जाणार होतो. हे जाळं हंगामभर टिकलं तरच माझं कॉलेज पुढे चालणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात मच्छीमार सोसायटीकडे एक मशीन आलं. पाण्यात आवाज सोडून तळ किती खोल आहे आणि मध्ये काय आहे, हे पडद्यावर दाखवणारं. आधी एका बोटीवर लावून पाहायचं ठरलं आणि बोट आमची निघाली. छोटा पडदा, एक लांब वायर आणि वायरच्या टोकाला साबणाच्या वडीएवढा काळा सेन्सर. वस्तीने त्याचं नाव लगेच ठेवलं, पाण्याचा टीव्ही. आणि एकदा टीव्ही म्हटल्यावर लावायला कुणाला बोलवायचं, हा प्रश्नच उरला नाही.

तो स्कूटरवरून आला. बोट काठावर ओढून ठेवली होती. त्याने फडकं काढलं, हात पुसले, मशीनवर तळहात ठेवला. झालं समजलं सगळ्यांनी.

मशीनसोबत माहितीपुस्तिका होती. मी भीत भीत म्हणालो की यात सेन्सर सपाट, तळाकडे तोंड करून लावायला सांगितलंय. त्याने पुस्तिका हातात घेतली, उलटी करून मागचं पान पाहिलं आणि बोटीच्या फळीवर ठेवून तिच्यावर स्क्रू मांडले.

"कॉलेजवाले, सिग्नल कधी सरळ येते का?" तो म्हणाला. "डिश पाहा ना आपली. तिरपी असते. काहून असते?"

जमलेले लोक हसले. बाबांनी मला डोळ्याने गप्प केलं. मग त्याने सेन्सर बोटीच्या मागे, मोटारीच्या पंख्याच्या अगदी लगत, आभाळातला उपग्रह शोधावा तसा तिरपा करून ठोकला. वर सगळ्याला डांबर फासलं. आमच्याकडे हंगामाआधी बोटीच्या बुडाला डांबर लावतात, ते उरलेलं होतं. सेन्सरच्या तोंडावरही त्याने जाड थर दिला. म्हणाला, पाणी आत जायचं नाही. जे यंत्र पाण्यातच राहायला बनवलं होतं, त्याचं पाण्यापासून रक्षण करणारा तो पहिलाच असावा.

बॅटरी जोडली. पडदा लागला आणि त्यावर नुसत्या रेघा. लोक पुढे सरकले. त्याने मशीन आपल्याकडे वळवून घेतलं, आमच्याकडे पाठ केली आणि बराच वेळ बटणं दाबत राहिला. मग खिशातून स्टिकर काढून पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलं आणि मशीन फिरवलं. पडद्यावर निळं पाणी, खाली सपाट तपकिरी तळ आणि मधून मासे चाललेले. लहान, मोठे, झुंडीने. लोकांनी आनंदाने आवाज केला. कुणी म्हणालं हा रोहू, कुणी म्हणालं कतला. आईने मशीनला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. त्यालाही कुंकू लावलं. तो चहा पिऊन गेला.

पाण्यावर गेल्यावर बाबांना थोडी शंका आली. आमराई इथेच कुठेतरी असावी, असं ते पुटपुटले. दगडाची दोरी हातात घेतली. मग पडद्याकडे पाहिलं. तळ सपाट, मासे भरपूर.

"त्यानं लावलं तं बरोबरच लावलं असन," बाबा म्हणाले. "आपल्याले काय समजते त्यातलं."

दोरी त्यांनी खाली ठेवली आणि जाळं टाकलं. मला आजही त्या वाक्याचा राग आहे, पण तो बाबांवर नाही. आयुष्यभर हाताने तळ ओळखणाऱ्या माणसाला आपल्याला काही समजत नाही असं ज्याने वाटायला लावलं, त्याच्यावर आहे.

सकाळी जाळं ओढायला गेलो. थोडं आलं आणि मग ताठ झालं. बाबांनी बोट इकडून नेली, तिकडून नेली, हळू ओढलं, जोरात ओढलं. फाटल्याचा आवाज पाण्याखाली येत नाही, फक्त हाताला एकदम हलकं लागतं. निम्मं जाळं वर आलं, त्यालाही भोकं. निम्मं खाली आंब्याच्या फांद्यांत राहिलं. बाबांनी आलं तेवढं जाळं गोळा केलं आणि बोट काठाकडे वळवली.

त्या दिवशी बोट काठावर ओढली. मी मशीन काढायला म्हणून वर चढलो आणि हात लागून ते चालू झालं. बोट कोरड्या जमिनीवर. खाली सावलीला आमचं कुत्रं झोपलेलं. पडद्यावर मात्र अठरा फूट पाणी आणि मधून मासे चाललेले. मी कुत्र्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. लावलं त्या दिवशीही बोट अशीच काठावर होती, ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग नखाने ते स्टिकर खरवडलं. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत सिम्युलेशन असं लिहिलं होतं. दुकानात गिऱ्हाइकाला मशीन कसं चालतं ते दाखवायला त्यात एक बनावट पाणी भरलेलं असतं. बाबांनी जाळं त्या पाण्यात टाकलं होतं.

मी सायकलने अड्याळला गेलो. बाजाराचा दिवस, दुकानात चारपाच गिऱ्हाइकं. मी विचारलं, "काका, तुम्ही आम्हाला खोटे मासे काहून दाखवले?"

तो मोबाईलचं झाकण उघडत होता. मान वर न करता म्हणाला, "खरे मासे तं पाण्यात असतात भाऊ. मशीनमधी कुठून येणार?"

गिऱ्हाइकं हसली. मी म्हणालो, आईचं जाळं गेलं. तेव्हा त्याचा हात थांबला. पण बोलला तो एवढंच, "त्या दिवशी तं सगळे खुश होते."

मी विचारलं की बोट एकदा पाण्यात लोटून, वर बसून का पाहिलं नाही. उत्तर शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने दिलं. हा पाण्यात पाय घालत नाही म्हणे. लहानपणी तलावात बुडता बुडता वाचला, तेव्हापासून गणपती विसर्जनालाही रस्त्यावरच उभा राहतो. तो खाली मान घालून मोबाईलमध्ये फुंकर मारत राहिला.

भीती मी समजू शकतो. मलाही वर्गात उभं राहून बोलायची भीती वाटते. पण मला भीती वाटते म्हणून मी दुसऱ्याच्या बापाला फसवं पाणी देत नाही. त्या दिवशी परत येताना तो मला जितका क्षुद्र वाटला तितकं कुणीच वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी पुस्तिका वाचून सिम्युलेशन बंद केलं आणि सेन्सर नव्याने लावला. डांबर घासून काढलं. पंख्यापासून दूर एक फळी ठोकून तो सपाट बसवला. बाबा दगडाची दोरी सोडायचे, मी पडद्यावरचा आकडा वाचायचो आणि दोन्ही जुळेपर्यंत बटणं फिरवायचो. पहिल्यांदा मशीनने गवतालाही मासा म्हटलं, म्हणून त्याची संवेदनशीलता कमी केली. मग आमराई दिसली. तळातून वर आलेल्या उभ्या रेघा. बाबा म्हणाले, "हे आपलं झाड." जाळं तिथेच होतं. काढणं शक्य नव्हतं. बाबा हंगामभर दुसऱ्याच्या बोटीवर वाट्याने गेले आणि मी कॉलेज सुटल्यावर त्यांच्यासोबत, म्हणून माझं वर्ष कसंबसं निघालं.

तो एकदा आमच्याकडे आला. मी घरातून पाहत होतो, बाहेर गेलो नाही. आई अंगणात उरलेलं जाळं शिवत बसली होती. तो माफी मागेल असं मला वाटलं. त्याने तसलं काही केलं नाही. चप्पल काढली, समोर बसला, जाळं विणायची दुसरी सुई उचलली आणि एक भोक शिवायला घेतलं. आईने त्याला चहा दिला. दुपारभर तो त्या एकाच भोकावर वाकून होता. जीभ दातात धरून, घाम पुसायलाही न थांबता. सिग्नल, सिस्टीम, काहीही बोलला नाही. ऊन उतरल्यावर उठला, जाळं अलगद खाली ठेवलं आणि गेला. नंतर तो आमच्या वस्तीत आला नाही. पुढे दुकानही बंद झालं. कुणी सांगतं नागपूरला गेला.

तो गेल्यावर आईने त्याने शिवलेला भाग उजेडात धरला. एकही गाठ बसली नव्हती. बोट लावलं की सरकायची.

मी म्हणालो, त्याला तेव्हाच सांगायचं होतंस.

"त्याले दिसून राहिलं होतं," आई म्हणाली. "तरी बसला बिचारा."

मग तिने त्याचा सगळा दोरा उसवला आणि भोक पहिल्यापासून शिवायला घेतलं.