तळहातावरचं तेल

तळहातावर तेलाचा थेंब घ्यायचा, बोटानं चोळायचा आणि डोळे मिटून हुंगायचा. दिग्रसजवळच्या आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा दिवस असा सुरू होई. वास पटला नाही की डबा सरळ बाजूला. "खवट हाय. लेकराईले नाई घालत मी." मुख्याध्यापकांनी स्वतः हुंगून तेल चांगलं असल्याचा निर्वाळा दिला, तर म्हणायच्या, "तुमाले सर्दी हाय, सर." आणि ती असायचीच.

असं एखादं नाक तुमच्याही पाहण्यात असेल.

मी विज्ञान शिकवतो. एकदा वर्गात सांगत होतो, तेल खवट होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. शरीरातही असाच प्रकार चालतो. तो प्रमाणाबाहेर गेला की रक्तवाहिन्यांना आतून इजा होते, बिघडलेली चरबी त्यांच्या भिंतींत साचते आणि हृदयविकार नाहीतर लकवा गाठतो. मावशी हातात झारा घेऊन दारात उभ्या होत्या.

"मंग आतल्या खवटपणाले दवाई काय, सर?"

"आवळा," मी म्हणालो.

आवळ्यात ही क्रिया रोखणारे घटक असतात, एवढंच मला ठाऊक होतं. तो खाऊन लकवा टळतो, असं मी कुठेही वाचलं नव्हतं. पण असा श्रोता मिळाल्यावर कोणता मास्तर गप्प बसतो? त्या बीपीची गोळी घेतात, हे मला माहीत होतं. ती चालूच ठेवा, एवढं एक वाक्य मात्र मी बोललो नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या पदराच्या गाठीत वाळलेला आवळा आला. "सरची दवाई," म्हणून त्या सगळ्यांना दाखवत. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर भेटायला गेलो, तर सुनेनं औषधांचा डबा पुढ्यात ठेवला. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी भरलेली.

"बंदच केल्या होत्या नं त्याईनं. म्हणे, सरनं आवळा सांगतला, आता गोळी कायले?"

माझी मान वर होईना. मावशींनी बाजेवरून डाव्या हातानं जवळ बोलावलं. शब्द अडखळत होते.

"आवळ्यानंच... वाचली मी, सर."

"गोळी रोज घ्या, मावशी," मी म्हणालो. चूक माझी होती, हे तेव्हाही म्हणालो नाही.

त्यांनी उशीखालून आवळ्याची एक फोड काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "खा. तुमीबी जपा."

मी ती त्यांच्यासमोर चावून खाल्ली. त्या हसल्या. ओठांची एकच बाजू हलली.