एफी गाळायची ते कडवं

एफी मॅकफीच्या खापरपणजोबानेच सरदाराला पकडून दिलं, अशी किलव्हेन गावात कुजबूज होती. राजाविरुद्धचं बंड मोडल्यावर हा बंडखोर सरदार समुद्रकाठच्या गुहेत लपला आणि राजाचे लाल डगलेवाले शिपाई वाट न चुकता थेट तिथेच पोचले, म्हणजे कोणीतरी फितूर झालं असणारच. त्या प्रसंगाचं गाणं एफीला तोंडपाठ. पण फितुराचं कडवं आलं की बाई आवंढा गिळायची आणि टुणकन पुढच्या कडव्यावर. दोनशे वर्षं उलटली तरी गावाला संशय घ्यायला एवढं पुरे होतं.

या कुजबुजीला सगळ्यात जास्त वारा घालायचा शेजारचा लॅक्लन. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, हाताला मात्र आळस नव्हता. एफीचा नवरा बुडाला, तेव्हापासून एकोणीस वर्षं तिच्या चुलीसाठी पीटचं, म्हणजे दलदलीतल्या मातीच्या ढेपांचं, जळण कापून, वाळवून दाराशी रचून जायचा तोही हाच.

मग एडिनबरोहून गाणी गोळा करणाऱ्या इनेसबाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. लॅक्लन चहाचा कप घेऊन सगळ्यांच्या आधी चुलीपाशी.

"एफी, आज तरी अख्खं गा बाई. एवढ्या लांबून मशीन आलंय."

"तुझ्या तोंडात तो स्कोनचा पाव कोंब. मशीनला तरी शांतता मिळेल."

टेबलावर हाताने ठेका धरून ती गायली. त्या जागी आली, आवंढा गिळला आणि पुढे गेली.

इनेसबाईंनी फीत थांबवली. "आजी, इथे एक कडवं राहिलं. सरकारी दप्तरात मी शोधलं, फितुराचं नाव कुठेच नाही. तुमच्या गाण्याशिवाय आता साक्षीदार उरला नाही. आणि तुम्ही गाळलंत, तर संशय तुमच्या घराण्यावर कायमचा राहील. गावात काय बोलतात ते मी ऐकलंय."

"कोणाकडून ऐकलंत, तेही कळलं मला."

लॅक्लनला कपात एकदम काहीतरी दिसलं.

"हे गाणं आईने मला कापड घट्ट करताना शिकवलं," एफी म्हणाली. "आम्ही दहा-बारा जणी विणलेलं ओलं लोकरी कापड फळीवर आपटायचो आणि गायचो. तिथला दंडकच होता, ज्या घरचं कापड, त्या घराची बदनामी गाण्यात करायची नाही. ते कडवं तिथे गाळलं, ते गाळलंच."

इनेसबाई पुढे सरकल्या. "कापड कोणाचं होतं?"

लॅक्लननेही मान वर केली. एफीने चुलीत पीटची एक ढेप सारली.

"लोकरीचं," ती म्हणाली. "लावा तुमचं मशीन. पुढचं कडवं घेते."

फीत तशीच एडिनबरोला गेली. एफी ते कडवं न गाताच वारली.

कापड लॅक्लनच्या आजीचं होतं. कडव्यातलं नाव लॅक्लनच्या खापरपणजोबाचं होतं. लॅक्लनला हे माहीत नव्हतं.